एक्केचाळीसची जागा

त्या मंगळवारी सकाळी दाढी करता करता मी सवयीने फोन उघडला, तर आदल्या संध्याकाळची एक ईमेल दिसली. माणसाने लिहिलेली नव्हती, यंत्राने आपोआप धाडलेली होती. 'पत्ता' या लायब्ररीची मालकी आता तुमच्या नावावर झाली आहे, एवढंच तिच्यात होतं. मला हसूच आलं. लायब्ररी शैलाताईंची, त्यांनी चुकून भलतंच बटण दाबलं असणार... तेरा वर्षांच्या ओळखीत त्यांची चूक पकडायची संधी मला एकदाही मिळाली नव्हती, तेव्हा गालावरचा साबण तसाच ठेवून मी त्यांना फोन लावला. काय बोलायचं, कसं चिडवायचं, हेही मनात जुळवून ठेवलं होतं. फोन सायलीने उचलला. सायली म्हणजे त्यांच्या शेजारच्यांची मुलगी, नायगावच्या चाळीपासूनची, शैलाताईंच्या अंगाखांद्यावर वाढलेली. ती म्हणाली, "केदारदादा, मावशी पहाटे गेली." मग सांगितलं, "काल संध्याकाळी लॅपटॉप मागून घेतला होता. एक काम राहिलंय म्हणाली, तेवढं केलं आणि मिटून ठेवला." दोन महिने त्या आजारी होत्या आणि मला मात्र 'जरा कणकण आहे रे' एवढंच सांगत होत्या. मला चिडवायचं होतं ते तसंच राहिलं. गालावर साबण वाळला होता, हे मला बऱ्याच वेळाने कळलं.

आज त्या गोष्टीला सात आठवडे झाले. मालकी माझ्याकडे कशी आली आणि ती घ्यायला मी कितपत लायक होतो, हे मला लिहून टाकायचं आहे. त्यासाठी आधी 'पत्ता' म्हणजे काय ते सांगायला हवं. ही लायब्ररी पुस्तकांची नव्हे. प्रोग्राम लिहिणाऱ्यांना रोज लागणारं एखादं काम कुणीतरी एकदाच नीट करून ठेवतं आणि बाकीचे ते उचलून वापरतात, त्यालाही आम्ही लायब्ररीच म्हणतो. तुम्ही इंटरनेटवर एखादं पान उघडता तेव्हा वरच्या पट्टीत तिरप्या रेघांनी तोडलेली एक ओळ दिसते. ती त्या पानाची वाट. कुठली वाट आली की कुठलं पान द्यायचं, हे कुणीतरी ठरवावं लागतं, आणि ते ठरवायचे नियम रेग्युलर एक्स्प्रेशन नावाच्या एका सांकेतिक लिपीत लिहितात. बघणाऱ्याला वाटावं की कीबोर्डवरून मांजर चालत गेलं. शैलाताईंना ती लिपी लहान मुलाने पाढे म्हणावेत तशी यायची.

परळला एका जुन्या गिरणीच्या आवारात आमचं ऑफिस होतं. मी सव्वीस वर्षांचा, गिरगावात वाढलेला, शहाणपणाचा मक्ता आपल्याकडेच आहे अशा समजुतीत. त्या एक्कावन्न वर्षांच्या, आमच्या मालकापेक्षाही मोठ्या. विमा कंपनीत कारकून म्हणून लागल्या, तिथल्या कॉम्प्युटर विभागात शिकल्या, मुदतीआधी निवृत्ती घेऊन आमच्याकडे आल्या. सुती साडी, मनगटाला घड्याळ, डब्यात बहुतेक वेळा घावणे आणि लसणाची चटणी. मी त्यांना पहिल्या दिवशी हिशेबनीस समजलो होतो. दुसऱ्याच आठवड्यात मी एका मंगल कार्यालयाच्या वेबसाइटचं वाटोळं केलं. 'काहीही चालेल' असा अर्थ असलेली एक चांदणी नियमात वापरता येते, ती मी यादीत सगळ्यात वर टाकून ठेवली. परिणाम असा की हॉल बघायला येवो, तारीख बघायला येवो की जेवणाचे पदार्थ बघायला येवो, प्रत्येक माणूस थेट 'संपर्क' या पानावर जाऊन आदळू लागला. कार्यालयाच्या मालकांचा फोन दिवसभर वाजत होता आणि ते दर वेळी आमचा फोन वाजवत होते. शैलाताई माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या, पडद्यावर एक नजर टाकली आणि म्हणाल्या, "पंगतीत हावऱ्याला शेवटी बसवायचं असतं रे. आधी बसवलास तर बाकीच्यांच्या पानात काय पडणार?" चांदणी त्यांनी उचलून यादीच्या तळाला ठेवली, आणि सगळं सुरळीत झालं. मी याविषयी तीन पुस्तकं वाचली होती. एकातही इतकं सोपं सांगितलेलं नव्हतं.

ऑफिसचं काम आटोपल्यावर त्या घरी 'पत्ता' लिहायच्या. त्या वेळच्या बहुतेक लायब्रऱ्यांना अक्षर म्हणजे इंग्रजी अक्षर एवढंच ठाऊक होतं. मराठीत वाट लिहिली की काना, मात्रा, अनुस्वार गळून पडायचे आणि वाट बंद. शैलाताईंना हे अजिबात खपलं नाही. त्यांनी नियम असे बांधले की कुठल्याही लिपीतली वाट चालावी. मग थायलंडहून, इथिओपियाहून, कुठून कुठून माणसं ती वापरू लागली, आणि पत्रं पाठवू लागली. पत्रांना त्या विमा कंपनीच्या वळणाने उत्तर द्यायच्या, 'आपले पत्र पावले' पासून सुरुवात करून.

आता मुख्य गोष्ट. अशा लायब्ररीबरोबर चाचण्यांची एक फाइल ठेवावी लागते. नमुन्याच्या वाटा आणि त्यांची अपेक्षित उत्तरं. काहीही बदल केला की त्या सगळ्या चाचण्या चालवायच्या. हिरवी खूण आली तर ठीक, लाल फुली आली तर आपण काहीतरी मोडलं. लोक या फाइलीत अ, ब, क असं काहीबाही लिहितात. शैलाताईंनी त्यात आपली चाळ लिहिली होती. नायगाव, चाळ सतरा, मजला दोन, खोली अडतीस, इंदू. मजला तीन, खोली छप्पन्न, भिकाजी. प्रत्येक चाचणीला त्यांनी हाताने क्रमांक घातलेला. एकदा मी नाक मुरडून म्हणालो, ही काय जनगणना आहे का. त्यावर त्यांनी मला शनिवारी दुपारी घरी बोलावलं. सतरा नंबरच्या लांबलचक व्हरांड्यातून त्या मला फिरवत होत्या आणि दारादारांकडे बोट दाखवून, ही बारा, ही तेरा, ह्यांच्याकडे दोन भावांनी खोली वाटून घेतली म्हणून एकाच क्रमांकावर दोन नावं, ती पंधरा, असं सांगत होत्या. तिसऱ्या मजल्यावर भिकाजीकाका दारात भाजी निवडत बसले होते. ते म्हणाले, "गो शैला, ह्यो कोण तुझ्यावांगडा?" माझ्याबरोबर ऑफिसात असतो, चाचण्या बघायला आलाय, असं शैलाताईंनी सांगितल्यावर म्हातारबुवांनी घाईघाईने बाहीचं बटण लावलं. "माका वाटला, रगत तपासूक इलो." त्या दिवशी चार घरी चहा झाला आणि मला पहिल्यांदा कळलं की चाळीत एक पत्ता दुसऱ्यासारखा नसतो. कुणी पोटमाळ्यावर, कुणी अर्ध्या खोलीत. शैलाताईंच्या नियमांना जे जमत होतं आणि इतरांच्या नियमांना जमत नव्हतं, त्याचं कारण त्या व्हरांड्यात होतं. तळमजल्यावर जिन्यापाशी त्या क्षणभर थांबल्या होत्या, हे मला आज आठवतं. तेव्हा मी सायकली चुकवत पुढे निघून गेलो होतो.

पाच वर्षं अशी गुण्यागोविंदाने गेली. मग मी 'पत्ता' टाइपस्क्रिप्टमध्ये आणायचा घाट घातला. 'पत्ता' ज्या भाषेत लिहिली होती ती जावास्क्रिप्ट, आणि टाइपस्क्रिप्ट ही तिची कडक शिस्तीची बहीण. प्रोग्राम चालण्याआधीच ती सांगते की इथे काय असायला हवं आणि काय नाही. शैलाताई तेव्हा छप्पन्नच्या होत्या. दोनशेपानी वहीत सुवाच्य अक्षरात टिपणं काढून तीन आठवड्यांत त्या शिकल्या, आणि काम मात्र माझ्यावर सोपवलं, कर तू, मी बघते म्हणाल्या. मी जीव तोडून केलं, हे खोटं नाही. सगळं हिरवं झालं, फक्त एक सोडून. चाचणी क्रमांक एक्केचाळीस. नायगाव, चाळ सतरा, जिन्याखाली, सुशीला. बाकी पत्त्यांत चाळ, मजला, खोली आणि मग नाव. इथे मजल्याच्या जागी 'जिन्याखाली', खोलीचा रकाना रिकामा, आणि तरी त्यापुढे नाव. माझ्या नव्या नियमात रकाना रिकामा सोडायचा तर शेवटचाच सोडता येत होता, मधला नाही. दोन दिवस डोकं आपटलं. तिसऱ्या दिवशी मी आमच्या धंद्यातलं सगळ्यात हलकं काम केलं. चाचणी पास होत नाही म्हणून चाचणीच काढून टाकली. वर शहाजोगपणे शेरा लिहिला... अवास्तव उदाहरण काढून टाकले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शैलाताई माझ्या टेबलाशी आल्या. आवाज चढवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. "केदार, तिथे कोणी राहत नाही, हे तू कुणाला विचारलंस?" मी हसून काहीतरी बोललो. खोली नंबरशिवाय पत्ता कसा असेल, असला पत्ता कोण लिहिणार, असं काहीतरी. त्या आपल्या जागेवर गेल्या. माझा बदल त्यांनी परत फिरवला नाही. पण त्या दिवसापासून डब्यातला घावणा माझ्या टेबलावर येणं थांबलं. कामापुरतं बोलणं, तेही 'तू'चं 'तुम्ही' करून, आणि ते 'तुम्ही' मला थोबाडीत मारल्यासारखं लागायचं. मीही अडून बसलो. एका ओळीचं एवढं काय, म्हातारपणी माणसं हट्टी होतात, असं मी इतरांना सांगत सुटलो. त्या फाइलीकडे पुन्हा फिरकलोच नाही. चार महिन्यांनी मी दुसरी नोकरी धरली. निरोपाच्या दिवशी त्यांनी मला केळीच्या पानात बांधून सहा घावणे दिले आणि म्हणाल्या, गरम करून खा रे. 'रे' परत आला, आणि मी बावळटासारखा लिफ्टमध्ये रडलो. त्यानंतर दर पंधरवड्याला फोन, अधूनमधून दादरला थालीपीठ आणि पीयूष. सगळं पूर्वीसारखं झालं. एक्केचाळीसचा विषय मात्र दोघांपैकी कुणीही काढला नाही.

तो निघाला चाळ रिकामी करायच्या दिवशी. नायगावच्या बीडीडी चाळी पाडून तिथे टॉवर व्हायचे, सतरा नंबरची पाळी आली, आणि शैलाताईंनी मला पुस्तकांची खोकी उचलायला बोलावलं. काळाचौकीला भाड्याने जागा घेतली होती, सायलीच्या घरच्यांनीही त्याच मजल्यावर. खाली टेम्पो उभे, व्हरांड्यात प्रत्येक कुटुंब आपापल्या दारासमोर उभं राहून फोटो काढून घेत होतं. भिकाजीकाकांचा मुलगा वडिलांची तसबीर हातात धरून छप्पन्नच्या उंबऱ्यावर उभा होता. मी शैलाताईंना म्हटलं, चला, अडतीससमोर तुमचा काढतो. त्या नको म्हणाल्या. मला खाली घेऊन गेल्या आणि जिन्याखाली, जिथे मीटरची पेटी आणि मोडक्या सायकली होत्या, तिथे पदर सारखा करून उभ्या राहिल्या. "इथला काढ," म्हणाल्या. मी काढला. मग त्यांनी एक सायकल बाजूला सरकवली आणि त्याच जागेकडे बघत सांगितलं.

वडील गिरणीत होते, चाळीत पोटभाडेकरू. ते गेल्यावर मूळ भाडेकरूला खोली परत हवी झाली. आई आणि आठ वर्षांची शैला, दोघी जिन्याखाली आल्या. पुढे एक चादर लावलेली. दीड वर्ष. जिन्यावरून कोण उतरतंय हे पावलांवरून कळायचं म्हणाल्या, भिकाजीकाका तर मुद्दाम हळू उतरायचे, झोपमोड नको म्हणून. शाळेच्या दाखल्यावर पत्ता होता चाळ सतरा, जिन्याखाली, नायगाव. स्कॉलरशिपच्या निकालाचं पत्र पोस्टमनने बरोबर त्या चादरीशी आणून दिलं. पुढे अडतीसमधल्या निपुत्रिक इंदूमावशींनी दोघींना घरात घेतलं आणि जाताना खोली शैलाच्या नावावर केली. नव्या टॉवरसाठी पात्र कुटुंबांची यादी लागली तेव्हा अडतीस नंबर तिच्यात होता. "जिन्याखालचं कोणी विचारलं नाही," त्या म्हणाल्या, "विचारायला तिथे नंबरच नाही." सुशीला त्यांच्या आईचं नाव.

मला कुठे तोंड लपवावं ते कळेना. ताई, मला माहीत नव्हतं, मी म्हणालो. तर म्हणाल्या, "तुला कसं माहीत असणार? विचारायचं असतं रे." मग मी विचारलं, तुम्ही स्वतः ती ओळ परत का नाही घातली? त्यांचं उत्तर मी जसंच्या तसं देतो. "मला काय, एका दुपारचं काम होतं. पण आई म्हणायची, वस्तू ज्याने काढली त्याने जागेवर ठेवायची. काढलीस तू. आणि तुझं बाकीचं काम चांगलं होतं, ते मोडायचं माझ्या जिवावर आलं." मी तिथेच शब्द दिला, या महिन्यात टाकतो. त्या हसल्या. "टाकशील. पण पास झाली पाहिजे हं. नुसती आणून ठेवू नकोस."

शब्द दिला आणि... पुढे काय झालं ते सांगायला लाज वाटते. काही झालं नाही. मधला रकाना रिकामा ठेवणं सोपं नव्हतं, ऑफिसचं काम डोक्यावर, मुलीची शाळा, आणि मनाच्या तळाशी हीही खात्री की शैलाताई कुठे जातायत. दोन वर्षं गेली. थालीपीठ खाताना त्या कधी आठवण करायच्या नाहीत. ते न बोलणंच मला टोचायचं, तरी मी कोडगेपणाने दुसरं पीयूष मागवायचो. शेवटची भेट झाली तेव्हा त्या अर्धंच थालीपीठ खाऊन थांबल्या होत्या. मी त्यांचं उरलेलं संपवलं आणि वर त्यांना डाएटवरून चिडवलं.

तेराव्याला काळाचौकीच्या घरी गेलो तेव्हा सायलीने लॅपटॉप माझ्या हातात दिला. काही निरोप आहे का म्हणून मी तिला दोनदा विचारलं. नाही म्हणाली, फक्त केदारला दे एवढंच. घरी आणून दोन दिवस तो कपाटावर ठेवून दिला. मग एका रविवारी सकाळी, आंघोळ करून, देवासमोर बसावं तसा बसलो आणि आठ वर्षांत पहिल्यांदा ती फाइल उघडली. बाहेर पाठवलेल्या लायब्ररीत चाचण्या नसतात, त्यामुळे नुसती वापरताना ती कधी दिसली नव्हती. चाचण्यांचे क्रमांक आता एकशे बारापर्यंत गेले होते. मी खाली सरकत गेलो. अडतीस, एकोणचाळीस, चाळीस... मी गृहीत धरलं होतं की मी काढल्यावर पुढचे क्रमांक एकेक घर वर सरकले असतील. सरकले नव्हते. चाळीसनंतर एक टीप होती आणि मग बेचाळीस. टिपेत लिहिलं होतं, 'एक्केचाळीस : जागा धरली आहे.'

प्रत्येक ओळ कधी लिहिली गेली, हे आमच्या धंद्यात यंत्र लक्षात ठेवतं. मी पाहिलं. मी चाचणी काढली त्याच्या दुसऱ्या दिवशीची तारीख. सकाळची वेळ. म्हणजे माझ्या टेबलाशी येऊन तो एक प्रश्न विचारून त्या आपल्या जागेवर जाऊन बसल्या, तेव्हा त्यांनी हेच लिहिलं होतं. त्यानंतर चार महिने त्या माझ्याशी 'तुम्ही' म्हणून बोलत होत्या, मी त्यांना हट्टी म्हणत फिरत होतो, आणि पलीकडच्याच टेबलावर माझी वाट बघायला त्यांनी केव्हाच सुरुवात केली होती.

काम करायला मला चार रविवार लागले. नियम जवळजवळ मुळापासून उसवले. शैलाताईंच्या दोनशेपानी वहीत, ती लॅपटॉपच्या पिशवीतच होती, मधल्या रिकाम्या रकान्याची युक्ती अर्धं पान भरून लिहिलेली सापडली. वापरू की नको असा प्रश्न पडला, मग वापरली. त्यांच्याकडून शिकायचं कधी थांबलो होतो म्हणून आता थांबू? चौथ्या रविवारी दुपारी टीप पुसून तिच्या जागी ओळ लिहिली. नायगाव, चाळ सतरा, जिन्याखाली, सुशीला. चाचण्या चालवल्या. हिरव्या खुणा एकेक करून खाली उतरत आल्या, एक्केचाळीसवरून सहज पुढे गेल्या आणि एकशे बारावर थांबल्या. मी बायकोला हाक मारून दाखवलं. तिला त्यातलं काही कळत नाही, पण ती बराच वेळ शेजारी बसली.

सतरा नंबरच्या जागी आता पत्रे ठोकले आहेत, आत खड्डा आहे. मागच्या आठवड्यात कुठल्या तरी दूरच्या देशातल्या एका तरुणाने 'पत्ता'मध्ये एक सुधारणा पाठवली. काम चांगलं होतं. सोबत त्याने अदबीने विचारलं होतं की क्रमांक एक्केचाळीसचं उदाहरण जरा विचित्र आहे, त्याच्यामुळे नियम उगाच गुंतागुंतीचे होतात, तर ते काढून टाकलं तर चालेल का. त्याने विचारलं, ही गोष्ट मला फार आवडली. मी उत्तर लिहिलं : आपले पत्र पावले. विचारलंत, आभारी आहे. पण राहू द्या, तिथे माणसं राहतात.